न घडलेल्या गोष्टीचे फळ

१० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच सुमारे सतरा हजार फुटांवर निखळली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवले. कॅप्टनसह सगळे वाचले. ती काच उड्डाणाच्या २७ तास आधी, रात्रपाळीत बदलली होती. तिच्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट गरजेपेक्षा बारीक निघाले. फरक एक मिलिमीटरहूनही कमी. जुना बोल्ट शेजारी धरून नवे बोल्ट नजरेने जुळवले होते.

बोल्ट बरोबर बसले असते, तर त्या रात्रीच्या कामाची आठवण कुणालाही उरली नसती. विमानाची देखभाल करणाऱ्याच्या यशाला रूपच नसते. काहीही घडले नाही, एवढेच त्याचे फळ. मग ज्या वयात कौतुकाची ओढ सर्वात जास्त, त्या वयातल्या मुलामुलींना या कामाकडे कसे वळवायचे? आणि त्याहून अवघड म्हणजे, गीता फळाची आस सोडायला सांगते, पण इथे फळ म्हणजे शेकडो माणसांचे जीव. ते सोडायचे कसे?

या प्रश्नाशी झुंजायला वर्ध्याजवळच्या पवनारइतकी योग्य जागा सापडणे कठीण. तिथे धाम नदीच्या काठी विनोबा भावे १९३८ पासून राहिले, ते गीता अंगात मुरवून आलेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. चौथ्या अध्यायावर बोलताना त्यांनी ‘विकर्म’ या शब्दाचा आपला अर्थ मांडला आहे: हात करतात ते कर्म, त्याला आतून मनाची जी जोड मिळते ते विकर्म. दोन्ही एकत्र आली की कामाचे ओझे उरत नाही. फळावरची नजर काढायची ती कामावर पूर्ण ठेवता यावी म्हणून. म्हणजे फलत्याग ही बेफिकिरी नव्हे. विमान वेळेवर सुटावे, वरिष्ठ खूश व्हावेत, पाळी लवकर संपावी, ही फळे मनातून गेली की बोल्टचा क्रमांक पुस्तकात पाहायला माणसाला सवड मिळते. प्रवाशाचा जीव हा त्या कामाचा हेतू आहे. हेतू सोडायला विनोबांनी कधीच सांगितले नाही.

मात्र सगळा भार एकट्याच्या मनावर टाकणे अन्यायाचे ठरेल. त्या रात्री पाळीवर माणसे कमी होती, सुटे भाग ठेवण्याच्या जागी उजेड अपुरा होता आणि काचेच्या कामाला दुसऱ्याची तपासणी सक्तीची नव्हती. उड्डाणाच्या नियंत्रणाशी संबंधित नाजूक कामे दुसऱ्या अधिकृत माणसाने स्वतंत्रपणे तपासावीत, असा या क्षेत्राचा नियम आहे. त्यात अविश्वास नाही. माणूस चुकतो हे नम्रपणे मानणे आहे. हातून पाना कुठे राहिला असेल तर तो आपणहून सांगणे हेही कामाचाच भाग. गांधीजींच्या आश्रमाच्या एकादश व्रतांत सत्य, अभय आणि शरीरश्रम एकत्र येतात. हँगरमध्ये या तिघांची गरज रोज पडते.

वर्षानुवर्षे पायी चाललेल्या विनोबांचा विमानाशी काय संबंध, असे कुणी विचारील. त्यांनी यंत्रांचे तीन प्रकार मानले: वेळ वाचवणारी, उत्पादक आणि संहारक. वेळ वाचवणाऱ्या यंत्रांना त्यांचा विरोध नव्हता. विज्ञानाला अध्यात्माची जोड मिळावी, हा तर त्यांचा आग्रहच होता.

पवनारहून साठेक किलोमीटरवर, नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी बांधून दिलेले, २०१५ मध्ये सुरू झालेले विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र आहे. पण वर्ध्याच्या मुलांना ‘विमान’ म्हटले की वैमानिकाची टोपीच दिसते. त्यांना खरे सांगायला हवे. या कामासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हवे. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेत शिकावे लागते, पण तिथले प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. परवान्यासाठी डीजीसीएच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव दोन्ही लागतात. यांत्रिक बाजूसाठी बी-१, एव्हिऑनिक्ससाठी, म्हणजे विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी, बी-२. तेवढे झाल्यावर आपल्या सहीशिवाय विमान सेवेत परतू शकत नाही, असा अधिकार हाती येतो. तोवर वर्षे जातात.

आणखी एक अडथळा आपल्या घरातला आहे. हात काळे करणारे काम आपण लेखणीच्या कामाखाली ठेवत आलो. पवनारला १९५९ मध्ये विनोबांनी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले, तेव्हा ब्रह्मविद्येचा अभ्यास करणाऱ्या बहिणींच्या वाट्याला शेत, स्वयंपाक आणि सफाईही आली. ज्ञान आणि श्रम यांची फारकत तिथे मुळातच नाकारली गेली. ग्रीस लागलेल्या हाताने सही करणारी मुलगी त्याच विचाराच्या जवळची आहे, आणि तिच्या आईवडिलांना हे कुणीतरी समजावून सांगितले पाहिजे.

निष्काम हा शब्द मात्र मालकाच्या सोयीसाठी वापरू नये. फळाची आस सोडणे ही ज्याची त्याची साधना. ती कुणावर पगार कापून लादता येत नाही. रात्रपाळीला पुरेशी माणसे, चांगला उजेड, विश्रांती आणि शिकाऊ काळातही पोट भरेल इतके वेतन देणे ही कंपन्यांचीच जबाबदारी आहे, आणि मुलांना या कामाकडे बोलावणाऱ्या शिक्षकांनी याबद्दल कंपन्यांना आधी विचारावे.