पस्तिशीतला वानप्रस्थ

चंद्रपूरच्या माणसाची बर्फाशी ओळख बेताचीच. रसवंतीच्या पेल्यात खुळखुळणारा, गोळेवाल्याच्या गाडीवर किसला जाणारा, लग्नघरी भुशात गुंडाळून आलेल्या लादीच्या रूपातला, एवढाच काय तो त्याचा परिचय. मे महिन्यात जिथे पारा 45 अंशांच्या वर सहज चढतो, तिथल्या माणसाला बर्फाच्या जमिनीवर पायांत पोलादी पाती बांधून हॉकी खेळतात ही गोष्ट आजीच्या कहाणीतल्या राक्षसाच्या वाड्याइतकी दूरची वाटावी. तरीही आज ज्या प्रश्नाचा विचार करायचा आहे, तो तिथून सुरू करणे सोयीचे आहे. आपल्याकडे तो प्रश्न कौतुकाच्या शालीखाली झाकलेला असतो. तिकडे तो हिशेबाच्या वहीत उघडा मांडलेला सापडतो.

उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बर्फ-हॉकीत 1963 पासून एक रिवाज आहे. दर वर्षी होतकरू मुलांची यादी होते आणि संघ पाळीपाळीने त्यांतली मुले उचलतात. मुलांचे वय आज साधारण 18 असते. मुलगा संघ निवडत नाही. संघ मुलाला निवडतो. त्यातला आघाडीचा खेळाडू, मग तो मधला असो वा बगलेवरचा, एका वेळी जेमतेम 40-45 सेकंद खेळतो. तेवढ्यात तो असा जीव टाकून धावतो, धडकतो, की त्याहून अधिक वेळ शरीर ते सोसत नाही. मग तो कठडा ओलांडून बाकावर येतो, दम खातो आणि पुन्हा आत उडी घेतो. त्याचे सारे खेळाडूपण म्हणजे याच पाळीची मोठी आवृत्ती. गॉर्डी हाऊ नावाचा आघाडीवीर 1946 साली या खेळात उतरला आणि 1980 साली, वयाच्या 52 व्या वर्षी, बाहेर पडला. पण असा माणूस नियम सांगत नाही, अपवाद सांगतो. बहुतेकांचा दिवस पस्तिशीच्या अलीकडेच मावळतो.

इतर व्यवसायांकडे पाहा. शेतकऱ्याला वयाबरोबर जमीन कळत जाते. वैद्याची नाडीपरीक्षा पिकते. वकिलाच्या पांढऱ्या केसांवर पक्षकाराचा विश्वास बसतो आणि म्हातारा कीर्तनकार तर उभा राहिला तरी पुरे. या सर्वांच्या बाबतीत आयुष्य मोलात भर घालते. खेळाडूच्या बाबतीत ते मोलातून वजा होते. आपल्या पूर्वजांनी आश्रमांची जी मांडणी केली, तीत केस पांढरे झाले आणि नातवंडाचे तोंड दिसले की वनाची वाट धरावी असे सांगितले. खेळाडूवर मात्र गृहस्थाश्रमाचे ऊन नुकते चढत असते, मुले अजून शाळेत असतात, आणि त्याला वानप्रस्थ घ्यावा लागतो. तोही स्वतः ठरवून नव्हे. निवड समितीच्या यादीत नाव नाही म्हणून.

म्हणून प्रश्न असा आहे: ज्याच्या वीस वर्षांच्या शरीरश्रमाचा आपण उत्सव केला, त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांशी आपला काही संबंध उरतो की नाही?

याचे मराठी मुलखातले उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. धनराज पिल्ले 1968 साली पुण्याजवळ खडकीत जन्मले. घर तमिळ बोलणारे, वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची निगा राखणारे. या मुलाने आणि त्याच्या भावांनी मोडक्या स्टिका जोडून हॉकी गिरवली. 1989 साली ते देशाकडून खेळू लागले आणि 2004 पर्यंत खेळत राहिले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा आणि चार चँपियन्स करंडक, असा हा चौरस हिशेब आहे. मधल्या काळात पोटासाठी आणि खेळासाठी ते लंडन, लियों, स्टुटगार्ट, मलेशिया, ढाका इथल्या संघांतूनही खेळले. भटक्या कारागिराने आपली हत्यारे घेऊन गावोगाव फिरावे तसे. 1998 साली बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले. असे पदक त्यापूर्वी 1966 साली मिळाले होते. 32 वर्षांचा दुष्काळ संपला. आणि लगेच नंतरच्या संघनिवडीत कर्णधारासह अनेक ज्येष्ठ खेळाडू बाहेर काढले गेले. पुढे ते परतले, खेलरत्न आणि पद्मश्री हे सन्मानही त्यांना मिळाले. परंतु पदक गळ्यात असतानाच वगळले जाण्याचा तो प्रसंग विसरण्यासारखा नाही. सर्वांत वर पोहोचलेल्या माणसाच्या वाट्याला जर हे येत असेल, तर अर्ध्या वाटेवर थांबलेल्यांचे काय होत असेल?

यावर एक रोखठोक उत्तर नेहमी ऐकू येते. खेळाडूवर कोणी सक्ती केली नव्हती. त्याने स्वखुशीने हा मार्ग धरला. त्याला पैसा मिळाला, नाव मिळाले. व्यवहार पुरा झाला. हे उत्तर वरवर न्यायाचे दिसते. पण स्वखुशी म्हणजे काय? या मार्गावर पाऊल पडते ते बाराव्या-तेराव्या वर्षी. त्या वयाचा मुलगा आपला गुडघा पणाला लावतो तेव्हा पन्नाशीतला गुडघा काय असतो हे त्याला ठाऊक नसते, ठाऊक असणे शक्यही नसते. कायदा त्याला एकरभर जमीन विकू देणार नाही, आणि आपण मात्र त्याच्या साऱ्या आयुष्याच्या सौद्यावर त्याची संमती होती असे खुशाल म्हणतो. शिवाय 'व्यवहार पुरा झाला' हे ज्यांच्याविषयी म्हणता येईल असे किती? एक धनराज दिसतो, कारण तो पोहोचला. त्याच्यासोबत धावायला लागलेले आणि वाटेत गळालेले दिसत नाहीत. त्यांच्याशी झालेला व्यवहार अपुराच राहतो.

दुसरे उत्तर शहाण्या गृहस्थांचे. एवढा धोका असेल तर मुलांना त्या वाटेला जाऊच देऊ नये. अभ्यास करावा, नोकरी धरावी, खेळ संध्याकाळपुरता ठेवावा. हे शहाणपण खोटे नाही. पण ते ज्यांच्यापुढे चार वाटा आहेत त्यांचे शहाणपण आहे. एटापल्ली किंवा भामरागडकडच्या एखाद्या मुलीचा विचार करा. घरी ती माडिया बोलते. आश्रमशाळेत आली की पुस्तक मराठी, गुरुजी मराठी, प्रश्न मराठी. वर्गात ती गप्प बसते आणि तिच्या गप्प बसण्याला मठ्ठपणा समजले जाते. तिची भाषा न विचारता तिचे मोल ज्या जागी कळते अशी जागा एकच, मैदान. तिथे शिट्टी वाजते आणि सर्वांना सारखीच कळते. त्या मुलीला 'धावू नकोस, पुढे त्यात काही नाही' असे सांगणे म्हणजे तिच्यापुढचे एकमेव उघडे दार आपल्या काळजीपोटी लावून घेणे होय. 2023 च्या डिसेंबरात बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडासंकुलात शालेय मुलांच्या राष्ट्रीय मैदानी स्पर्धा झाल्या. त्या धावपट्टीच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्या एखाद्या मुलाच्या मनात काही पेटले असेल, तर ते विझवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणखी एक गोष्ट आहे. खेळ केवळ पुढच्या फळासाठी नसतो. चेंडू स्टिकेला चिकटवून आघाडीचा खेळाडू तिघांमधून निसटतो, तो क्षण आपल्यापुरता पुरा असतो. पुढे दारिद्र्य आले म्हणून तो खोटा ठरत नाही आणि पेन्शन मिळाले म्हणून अधिक खरा होत नाही. म्हणून खेळाडूच्या उत्तरायुष्याकडे पाहून त्याचा खेळच चुकला असे म्हणणारा माणूस खेळ समजलेला नाही. चूक असते ती इतरत्र. आपण मुलांना चढायला शिकवतो, उतरायला शिकवत नाही.

ही चढउताराची भाषा आपल्या जिल्ह्याला परकी नाही. 2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठले. जे गिर्यारोहण शिकले त्यांना पहिल्या धड्यापासून एक सांगितलेले असते: शिखर म्हणजे निम्मी वाट. वर जाताना दोर, प्राणवायू आणि अंगातली शक्ती यांचा हिशेब करायचा तो परतीची वाट धरून करायचा. सारे वर खर्चून टाकणारा माणूस कितीही शूर असला तरी पर्वत त्याला माफ करत नाही. हा नियम मैदानावर कोणी शिकवत नाही. उलट तिथे 'सर्वस्व ओत' हाच उपदेश असतो. आणि सर्वस्व ओतून झाल्यावर रिकामे भांडे कोणाच्या घरी ठेवायचे, याचा विचार करायला कोणी थांबत नाही.

यात शासन काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के जागा राखून ठेवल्या आहेत आणि त्यांतून अनेक घरांची चूल पेटली आहे. परंतु ती जागा मिळते पदकाला. दिलेल्या वर्षांना नव्हे. चौथा आलेला, निवड चाचणीच्या आदल्या आठवड्यात घोटा मोडलेला, एकोणिसाव्या वर्षी दुखरा पाय आणि काठावरची दहावी घेऊन गावी परतलेला मुलगा त्या नियमात बसत नाही. आणि पहिला येणारा पहिला येतो तो या सगळ्यांच्या अंगावर घासून धार लागल्यामुळेच.

मग खेळाडूच्या आयुष्याचे निर्णय कोण घेतो, हाही प्रश्न आलाच. बर्फ-हॉकीतला सर्वांत थोर मानला गेलेला आघाडीवीर वेन ग्रेट्झ्की. 9 ऑगस्ट 1988 रोजी, वयाच्या 27 व्या वर्षी, एडमंटनच्या संघाने त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकले. मोबदल्यात खेळाडू, पुढच्या निवडींचे हक्क आणि दीड कोटी डॉलर घेतले. कॅनडात इतका क्षोभ झाला की सरकारने हा सौदा अडवावा अशी मागणी एका खासदाराने केली. त्याआधी 1957 साली डेट्रॉइटचा टेड लिंडसे या आघाडीच्या खेळाडूने खेळाडूंची संघटना बांधायचा प्रयत्न केला होता. त्याच वर्षी त्याची रवानगी शिकागोच्या संघात झाली. आपल्याकडे 2012 पासून हॉकीपटूंचा आणि 2014 पासून कबड्डीपटूंचा लिलाव होऊ लागला. पैसा आला हे चांगलेच झाले; भुकेचे गोडवे गाण्यात शहाणपण नाही. पण लिलाव हा शब्द गडचिरोलीला जुना आहे. तेंदूपानाचा लिलाव, सागवानाचा लिलाव. माल इथला, भाव दुसरीकडचा, आणि माल होता त्याला कोणी काही विचारले नाही, हा त्या शब्दाचा इथला अर्थ आहे.

याच जंगलात त्यावर एक उत्तरही सापडते. बांबूच्या बेटातून कापणी कशी करावी याचे नियम आहेत. त्या वर्षीचे कोवळे कोंब तोडायचे नाहीत. सगळे जुने बांबूही काढून न्यायचे नाहीत. काही उभे ठेवायचे, कारण नव्या कोंबांना वाऱ्यापावसात त्यांचाच आधार असतो. पावसाळ्यात, वाढीच्या दिवसांत, कोयता लावायचा नाही. हे पाळले तर बेट वर्षानुवर्षे देत राहते. सरसकट कापले तर एकदा भरघोस मिळते आणि मग बेट खंगते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचे काम ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून काय कापायचे, किती कापायचे आणि कोणाला विकायचे हे ते गाव सर्वांच्या संमतीने ठरवते. गावाने बांबू विकणे सोडले नाही. विकणाऱ्याच्या जागी मात्र ते स्वतः बसले.

खेळाडूंच्या बाबतीत याहून वेगळे काय मागायचे? कोवळ्या वयात सरसकट कापणी नको. म्हणजे बाराव्या वर्षी मुलाचे पुस्तक सुटून केवळ स्टिक हाती राहू नये. सौद्याच्या बैठकीत ज्याचा सौदा आहे त्याचा आवाज असावा. आणि जुने बांबू बेटात उभे राहावेत: खेळून थकलेल्या माणसाला वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवण्याऐवजी त्याला शाळेच्या मैदानावर पगारी जागा असावी, कारण पडावे कसे, थांबावे कधी आणि उतरावे कसे, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत नसते. ही मेहेरबानी नव्हे. आपण टाळ्या वाजवल्या तेव्हाच या कर्जावर आपली सही झाली आहे.

वानप्रस्थ या शब्दात जगाकडे पाठ फिरवण्याची सूचना आहे. पण तो अर्थ नगरात राहणाऱ्यांचा. वनातच ज्यांचे घर, शेत, देव आणि बाजार आहे, त्यांना वनात जाणे म्हणजे संसार सोडणे वाटत नाही. पस्तिशीला मैदान सोडणाऱ्या माणसाला असे एखादे वन आपण राखून ठेवले आहे का, हे आधी पाहावे. आणि मगच शेजारच्या धावऱ्या मुलीच्या पाठीवर शाबासकीची थाप द्यावी.