नदीचे मूळ, ऋषीचे कूळ

गेल्या दिवाळीत आमच्या छोट्या मंडळातल्या मुलांनी ‘देशोदेशीची नृत्ये’ बसवली. लेझीम होती, भांगडा होता आणि शेवट ‘झोर्बा’ने करायचा असे ठरले. ती धून ऐकली नाही असा माणूस विरळाच. सुरुवातीला बुझुकीचे संथ, जड स्वर, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून टाकलेली मोजकी पावले. मग लय चढत जाते आणि शेवटी सगळेच सुसाट. पुण्यात वाढलेल्या माझ्यासारख्यांनी ‘झोर्बा’ हे नाव आधी ओशोंच्या ‘झोर्बा द बुद्ध’मधून ऐकले, सिनेमा पुष्कळ नंतर पाहिला.

निवेदन लिहायचे काम माझ्याकडे होते. ‘हे संगीत मिकिस थिओडोराकिस या थोर मानवतावादी ग्रीक संगीतकाराचे’ असे वाक्य मी तालमीत वाचून दाखवले. आमच्या मंडळात एक ताई आहेत, मूळच्या ठाण्याच्या, बेने इस्रायली. चकल्यांचे डबे मोजता मोजता त्या शांतपणे म्हणाल्या, “वाजवू नका असं मी म्हणत नाही. पण मुलांना एवढंच सांगणार असशील तर ते अर्धं आहे. तो आमच्याबद्दल काय बोलला ते वाच एकदा.”

मी वाचले. ते सांगण्याआधी मला आवडणारा अर्धा भाग सांगतो.

थिओडोराकिस 1925 साली कीओस बेटावर जन्मले. नाझी ताब्याविरुद्धच्या प्रतिकारात होते. पुढे ग्रीसमध्ये यादवी पेटली तेव्हा डावे म्हणून त्यांना इकारिया आणि मग माक्रोनिसोस या बेटांवर धाडले गेले. तिथे त्यांचा अमानुष छळ झाला. नंतर पॅरिसला जाऊन ते ऑलिव्हिए मेसियां यांच्याकडे शिकले. त्यांची पहिली सिंफनी यादवीच्या वर्षांतली. ती त्यांनी आपल्या दोन मित्रांना अर्पण केली. दोघेही त्या युद्धात गेले, पण एक या बाजूने आणि दुसरा त्या बाजूने. स्वतः एका बाजूने मार खाल्लेल्या तरुणाने दोन्ही बाजूंच्या मृतांना एकाच रचनेत जागा द्यावी, हे मला फार मोठे वाटते.

हाच धागा पुढे पुन्हा पुन्हा दिसतो. 1959 साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये जॉन क्रँको यांनी ‘अँटिगनी’ हा बॅले बसवला, त्याचे संगीत थिओडोराकिस यांचे. गोष्ट सोफोक्लीसची: दोन भाऊ समोरासमोर लढून मेले. राजाज्ञा अशी की एकाला सन्मानाने पुरा, दुसऱ्याला कोल्ह्याकुत्र्यांपुढे टाका. बहीण ती आज्ञा मोडते आणि जिवानिशी जाते. 1962 सालच्या ‘मृत भावाचे गाणे’ या संगीतनाटकातही यादवीने फाडलेले घर आहे आणि त्यात समोरासमोर उभे ठाकलेले दोन भाऊ.

आणि 1965 साली ‘मौटहाउझेन’. कवी याकोवोस काम्बानेल्लिस स्वतः त्या नाझी छावणीत कैदी होते. त्यांच्या चार कवितांना थिओडोराकिस यांनी चाली दिल्या आणि मारिया फारान्दूरी या अगदी कोवळ्या गायिकेने त्या गायल्या. पहिल्या गाण्यात एक माणूस छावणीतल्या मुलींना विचारत फिरतो, माझी प्रिया कुणी पाहिलीत का? चाल इतकी साधी आहे की दुसऱ्यांदा ऐकताना आपण गुणगुणू लागतो, आणि काय गुणगुणतो आहोत हे ध्यानात येताच थांबतो. 1988 साली त्याच छावणीच्या आवारात संगीतकाराने ही रचना सादर केली.

‘झोर्बा’ सिनेमा 1964चा. तीन वर्षांनी लष्कराने सत्ता बळकावली आणि फर्मान काढून थिओडोराकिस यांचे संगीत वाजवण्यावर बंदी घातली. त्यांना आधी तुरुंग, मग डोंगरातल्या झातुना गावी स्थानबद्धता, मग ओरोपोसची छावणी. कोस्ता-गाव्रास यांच्या ‘झी’ या 1969च्या सिनेमाला त्यांचे संगीत लाभले तेव्हा संगीतकार कैदेत होता.

आता उरलेला अर्धा भाग. नोव्हेंबर 2003 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, याच माणसाने अथेन्समध्ये पत्रकारांसमोर ज्यू लोकांविषयी बोलताना, हे छोटे राष्ट्र जगातल्या वाइटाच्या मुळाशी आहे, अशा अर्थाचे विधान केले. गदारोळ झाला. आपला रोख इस्रायली सरकारच्या धोरणावर होता, असे त्यांनी नंतर सांगितले. सरकारवर टीका करणे वेगळे; पण शब्द एका अख्ख्या समाजाबद्दल होते आणि ते फार जुने शब्द होते. त्याच शब्दांच्या वाटेने माणसे मौटहाउझेनपर्यंत नेली गेली होती.

यावर आपल्याकडचे तयार उत्तर म्हणजे नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये. पाणी गोड आहे ना, मग प्यावे. मीही आयुष्यभर हेच म्हणत आलो. पण ही म्हण कोण म्हणतो हे पाहण्यासारखे आहे. ज्याला त्या पाण्याचा त्रास होत नाही त्याला ती फार सोयीची पडते. ताईंना मी ती ऐकवू शकलो नसतो.

दुसरे उत्तर म्हणजे वाजवूच नये. ज्याला दुखावले गेले आहे त्याने ऐकायचे नाकारले तर तो त्याचा हक्कच आहे. पण सगळ्यांसाठी ते गाणे पुसून टाकायचे ठरवले, तर काम्बानेल्लिसची कविताही पुसली जाते, आणि तिच्याबरोबर त्या छावणीतल्या मुलीही.

मला या प्रश्नाने छळले त्याचे कारण ग्रीसमध्ये नव्हे, आमच्या घरात आहे. माझे आजोबा उत्तम भजन गात. पहाटेचा त्यांचा तो आवाज मी इतक्या दूर येतानाही बरोबर आणला. जनाबाई, चोखोबा गाताना त्यांचे डोळे खरोखर भरून येत, त्यात ढोंग नव्हते. आणि आमच्या परसात, भिंतीच्या कोनाड्यात, शेतावर कामाला येणाऱ्या एका माणसासाठी कान तुटलेला वेगळा कप असे. चहा झाला की तो तो कप स्वतःच विसळून पालथा घालून ठेवी. माझ्या मुलांना मी आजोबांचे भजन पुष्कळदा ऐकवले आहे. त्या कपाबद्दल एकदाही बोललो नव्हतो.

दोन्ही खरे होते. भजनाने कप माफ होत नाही आणि कपाने भजन खोटे ठरत नाही. आपण मात्र दुकानदारासारखी वजावट करायला बसतो: एवढा छळ सोसला, एवढी गाणी दिली, मग एक वाक्य सोडून द्या. किंवा एवढे वाईट बोलला, मग सगळी गाणी फेकून द्या. हे हिशेब एका वहीत मांडताच येत नाहीत.

मग कलाकृतीचे करायचे काय? मला वाटते, कर्त्याविरुद्ध साक्ष द्यायला तिलाच उभे करावे. यादवीतल्या दोन्ही मित्रांना एकच सिंफनी अर्पण करणाऱ्या तरुणाला जे उमगले होते, ते अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हातून निसटले. त्याला उत्तर द्यायला बाहेरचे कुणी नको, त्याची अँटिगनी पुरेशी आहे. चोखोबाचा अभंग गात असताना आजोबांना कुणी प्रश्न विचारायला हवा होता, तर तो अभंगच होता. त्यांनी तो ऐकला नाही, एवढेच. गाणे माणसाला सुधारतेच असे नाही. पण तो कुठे कमी पडला हे ते सांगून ठेवते. ऐकणाऱ्याने ते झाकू नये.

मी निवेदन बदलले. ‘थोर मानवतावादी’ काढून टाकले. मौटहाउझेनची गाणी, तुरुंग, बंदी आणि 2003चे ते विधान, सगळे चार वाक्यांत लिहिले. दिवाळीच्या कार्यक्रमात हे कशाला, अशी कुरकूर झाली. ती वाक्ये बारा वर्षांच्या एका मुलीने न अडखळता वाचली आणि मग बुझुकी सुरू झाली.

ताई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. लय चढली तेव्हा त्यांनी ताल धरला की नाही, ते मी मुद्दामच पाहिले नाही. घरी परतताना गाडीत मुलांना त्या कपाची गोष्ट सांगितली.