सही कुणाची?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला की डॉक्टर मुलाला बाजूला बोलावतात. मुलगा ऐकून घेतो आणि आधी एवढंच म्हणतो, ‘नानांना काही सांगू नका.’ महिनोन्महिने मूळव्याध समजून रक्त जाण्याकडे काणाडोळा झालेला असतो. आता घरात ‘पोटात गाठ आहे, औषधानं विरघळेल’ एवढंच बोललं जातं. धाराशिवहून बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात किंवा लातूर-मुंबई गाडीनं परळच्या ‘टाटा’ला नेलेला माणूस आपण कुठल्या दवाखान्यात आलो आहोत हे ओळखतो, तोही गप्प बसतो. माया असते म्हणूनच हे सगळं चालतं.

अशा वेळी नव्या औषधाच्या चाचणीत सामील होता का, अशी विचारणा झाली की हे मौन टिकत नाही. संमतीपत्र रोग्याच्या नावाचं असतं. आजार कोणता, नेहमीचे उपचार कोणते, नव्या औषधाचे धोके काय, हे सारं त्यात असतं. रोगी शुद्धीवर आणि समजता असेल, तर मुलाच्या सहीनं भागत नाही. लिहितावाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं, मगच अंगठा. मला हे अडणं फार मोलाचं वाटतं. उरलेल्या दिवसांचं काय करायचं हे ठरवण्याचा ज्याचा पहिला हक्क, त्यालाच आपण प्रेमापोटी वगळलेलं असतं.

धाराशिव जिल्ह्याला चाचणी नवी नाही. 1999 साली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास सुरू झाला. गावांचे 52 गट पाडून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका चार भागांत वाटल्या गेल्या. तीन भागांना तीन वेगवेगळ्या तपासण्या. चौथ्या भागातल्या 31,488 जणींना नेहमीच्याच सेवा आणि तपासणी कुठे होते याची माहिती. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही या विषाणूची तपासणी झालेल्या भागात या कॅन्सरनं 34 मृत्यू, चौथ्या भागात 64. एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे या बायकांमुळे जगाला कळलं; आज जागतिक आरोग्य संघटना हीच तपासणी सुचवते. आणि ज्यांना तपासणी मिळाली नाही, त्यांना नक्की काय समजावून सांगितलं होतं, हा प्रश्नही जगभर विचारला गेला. या बायकांचं देणं मी मोठं मानतो. म्हणूनच तो प्रश्न मला सोडवत नाही.

त्या बायका धडधाकट होत्या. नानांचं तसं नाही. त्यांच्याकडे आशा आहे, आणि आशेपोटी माणूस कशालाही हो म्हणतो. 2022 साली अमेरिकेत डोस्टार्लिमॅब दिलेल्या पहिल्या 12 रोग्यांची गाठ पूर्ण नाहीशी झाल्याची बातमी आपल्याकडे मोबाइलवर फिरली. ती खरीच होती. पण तो गुदाशयाचा कॅन्सर होता, दूर पसरलेला नव्हता, आणि त्या सगळ्यांच्या गाठींत एक विशिष्ट जनुकीय दोष होता. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हा दोष शंभरात चार-पाच जणांतच सापडतो. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत तर औषध किती सोसतं एवढंच मुख्यतः पाहायचं असतं. ‘नवं औषध आहे, गुण येईल’ असं म्हणून सही घेणं म्हणजे देणाऱ्याला आपण घेणारे आहोत असं भासवणं.

नानांना खरं सांगितलं तर ते खचतील, असं घरच्यांना वाटतं. काहीजण खचतातही. पण शेती कोण बघणार, जमिनीचं काय, हे विचारणारा माणूस आजाराचंही विचारू शकतो. विचारू द्या: जादा सुया किती, मुंबईच्या फेऱ्या किती, भाडं कोण देणार, दोन गट असतील तर चिठ्ठी कुणाच्या हातात? चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांत आहे. मधेच सोडता येतं, आणि सोडलं म्हणून नेहमीचा उपचार थांबत नाही. शेवटी निष्कर्ष काय निघाला, हेही विचारायला हवं. आणि तो कळेपर्यंत नाना नसतील, तर तो कुणाला कळवायचा तेही त्यांनीच त्या कागदावर लिहून ठेवावं.