बसवलेला दात कोणाचा?

दंतरोपणाकडून रुग्ण जी अपेक्षा ठेवतो, तिच्या मुळाशी एक जुना प्रश्न असतो: बाहेरून आणून जबड्यात बसवलेली वस्तू ‘माझी’ कधी होते? तिरोडीसारख्या मॅंगनीजच्या खाणीच्या, मराठी आणि हिंदी दोन्ही नांदणाऱ्या गावातल्या वृद्धापुढे दाढ पडल्यावर तीन वाटा असतात. खिंड तशीच ठेवावी, कवळी लावावी किंवा नागपूरसारखे शहर गाठून ‘पक्का दात’ बसवून घ्यावा. ‘पक्का’ या विशेषणातच अर्धी अपेक्षा सामावलेली आहे.

हाड टायटॅनियमला घट्ट धरते, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात सशांवरील प्रयोगांत दिसले. 1965 साली त्यांनी पहिल्या रुग्णावर हे रोपण केले. रोपणाचा टायटॅनियमचा स्क्रू हाडात रुजायला बहुधा काही महिने लागतात. तो किडत नाही. पण नैसर्गिक मुळाभोवती असणारे, चावण्याचा दाब जाणवून देणारे तंतू त्याला नसतात. त्यामुळे जुना दात जसाच्या तसा परत मिळेल, ही अपेक्षा नेमकी संवेदनेपाशी अपुरी राहते.

याच्या उलट टोकाला ‘देह नश्वर, आता या वयात कशाला?’ ही वृत्ती आहे. गीतेतील जीर्ण वस्त्राची उपमा तिच्या समर्थनाला हमखास येते. पण मोतीबिंदू काढून डोळ्यात कृत्रिम भिंग बसवताना हे वैराग्य कोणाला आठवत नाही. पुष्कळदा ते खर्चाला दिलेले सोज्वळ नाव असते. परवडत नाही असे सांगण्यात लाज नाही. मात्र त्याला अध्यात्म म्हटले की घरचेही पुढे काही विचारत नाहीत.

बसवलेली वस्तू ‘माझी’ कधी होते, या प्रश्नाचा जास्त नेमका विचार बौद्ध परंपरेत सापडतो. ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला केस, नखे, दात असे एकेक अवयव घेऊन ‘हाच नागसेन का?’ असे विचारतो आणि प्रत्येक वेळी उत्तर नकारार्थी येते. मूळचा दातही ‘मी’ नसेल, तर धातूचा दात परका ठरवायचा कशाच्या आधारे? वापर आणि निगा एवढाच आधार उरतो. सकाळ-संध्याकाळ घासला जाणारा रोपित दात आपला; तंबाखूचा खर्रा चघळणाऱ्या तोंडातला स्वतःचा दातही हळूहळू परका होत जातो. तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे रोपणाभोवतीचे हाड झिजण्याचा धोका वाढतो. असे रोपण सैल झाले की नशिबाला बोल लावला जातो. कर्मसिद्धान्ताचा हा सोयीचा वापर आहे, कारण त्यात स्वतःचे चालू कर्म तेवढे वगळलेले असते.

शेवटचा पेच अंत्यविधीचा. टायटॅनियम वितळायला सुमारे 1668 अंश सेल्सियस तापमान लागते. लाकडाची चिता तिथवर पोहोचत नाही. अस्थी सावडताना स्क्रू सापडू शकतो. तो अस्थी मानावा का? उत्पत्ती पाहिली तर नाही. पण जिवंतपणी हाडाने त्याला धरून ठेवले होते. मृताच्या मुखात तुळशीपत्राबरोबर सोन्याचा कण ठेवण्याची रीत पाहता धातू विटाळाचा म्हणता येत नाही. तरी अस्थी नदीत सोडण्याआधी, नदीच्या दृष्टीने तो वेगळा काढलेला बरा, आणि तसे केल्याने विधीत काही उणे राहत नाही.