दालचिनीचा पाव आणि घरची पंगत

अन्न वाटून खावे, ही शिकवण आपल्यापैकी प्रत्येकाला अक्षरओळखीच्याही आधी मिळालेली असते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःपुरते रांधणाऱ्याला पापाचा धनी ठरविले आहे, हे गीतापठणाला येणाऱ्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. तेव्हा वाटून खावे की नाही, असा प्रश्नच उरत नाही. उरतो तो निराळाच. आपण प्रेमाने केलेला पदार्थ घरातीलच एखाद्या माणसाने घेण्याचे नाकारले, तर वाटणाऱ्याने काय करावे? त्याची समजूत घालावी, त्याचा नियम चुकीचा आहे असे सिद्ध करावे, की त्याला वगळून बाकीच्यांनी आनंदाने जेवावे? गेल्या मार्गशीर्षात आमच्या लष्करातील घरी हा प्रश्न एका पावाच्या निमित्ताने उभा राहिला. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु त्यात आमची जी फजिती झाली तीमुळे आम्हांस बराच विचार करावा लागला, म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहो.

आमचे वडील मंदिरातील पूजाअर्चा पाहतात. घरचा स्वयंपाक सोवळ्याओवळ्याच्या जुन्या चाकोरीतून आता पुष्कळच बाहेर आला असला, तरी पाव भाजण्याचा खटाटोप आमच्याकडे पूर्वी कोणी केला नव्हता. ताईने दिवाळीला येताना एक लहानसा विजेचा ओव्हन आणला आणि दालचिनीचा गोड पाव कसा करावा, ते आम्हांस शिकवून गेली. कृती अवघड नाही. तीन वाट्या मैदा, वाटीभर कोमट दूध, थोडे दही, तूप, साखर, चिमूटभर मीठ आणि सात ग्रॅमची यीस्टची पुडी. अंडे नाही. पीठ चांगले मळून झाकून ठेवावे आणि दुप्पट फुगले की जाडसर पोळी लाटावी. तीवर तूप माखून गुळाची पूड व दोन चमचे दालचिनी पसरावी, अळूवडीसारखी घट्ट गुंडाळी करावी आणि ती डब्यात घालून पुन्हा फुगू द्यावी. मग १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटे भाजली की काम झाले. पहिल्या खेपेस आम्ही सगळी दालचिनी पिठातच मळली. पीठ दगडासारखे बसून राहिले. दालचिनीच्या तिखट सत्त्वाने खमीर मंदावते, हे मागाहून कळले. ती पिठात न मिसळता घडीत ठेवायची असते.

ग्वाल्हेरच्या हवेचाही येथे मोठा हात आहे. ज्येष्ठात जे पीठ पाऊण तासात डब्याबाहेर येऊ पाहते, तेच पौषात तीन-तीन तास हूं की चूं करीत नाही.

दालचिनी ही वस्तू आपल्या घराला परकी नाही. नाव तेवढे फारसीतून आले, 'चिनी लाकूड' अशा अर्थाने. परंतु संस्कृतात तिला 'त्वक्' म्हणजे साल असे साधे नाव आहे, आणि ती झाडाची आतली सालच असते. दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र व नागकेशर मिळून वैद्यांचे चतुर्जातक होते. त्यांतील तमालपत्र हे दालचिनीच्याच भाऊबंदांतील एका झाडाचे पान. आमची आजी हिवाळाभर खोकल्यासाठी मधातून चाटते त्या सितोपलादी चूर्णात खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची आणि दालचिनी ही अनुक्रमे सोळा, आठ, चार, दोन व एक अशा भागांत असतात. तेव्हा आजीच्या पोटात दालचिनी रोज जातेच. मैदा, दूध, तूप, गूळ यांना कोणाची ना नाही. म्हणून दत्तजयंतीनंतरच्या रविवारी काका-काकू, आत्या आणि मुले अशी सारी मंडळी जमली असता आम्ही मोठ्या ऐटीने तो पाव ताटात घालून आणला. घरभर वास सुटला होता. पहिला तुकडा अर्थात आजीपुढे केला. आजीने हात जोडले आणि म्हणाली, "मला नको रे बाळ. तुम्ही खा."

येथे आम्ही थांबावयास हवे होते. पण वाचनाचा थोडा नाद असल्यामुळे आमच्याजवळ दारूगोळा भरपूर होता.

आम्ही सांगितले की पाव पायांनी तुडवितात म्हणून तो पाव, ही समजूत खोटी. तो शब्द पोर्तुगीज भाषेतला आहे आणि गोव्यातून आपल्याकडे आला. ग्वाल्हेरीत तर आपण मराठी माणसेही त्याला डबलरोटीच म्हणतो. कोकणात विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या ज्या कथा सांगतात, त्यांत दोष पाण्याचा नव्हता की पावाचाही नव्हता. ते पाणी प्यायलेल्या आपल्याच माणसांना परत घेण्यास नकार देणाऱ्यांचा होता. आंबवलेले नको म्हणावे, तर आपल्या सराफ्यात सकाळी जी जिलबी निघते तिचे पीठ आंबवलेलेच असते. मारुतीला रोट चालतो, वऱ्हाडात रोडगे विस्तवात भाजतात, चंबळेच्या काठची बाटी तर आपल्याला घरचीच. मग भाजलेल्या पिठाचे वावडे कसले?

एवढ्यावर न थांबता आम्ही पुण्याचा दाखला दिला. १४ ऑक्टोबर १८९० रोजी तेथील पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी मंडळी एका सभेस गेली आणि तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. हा प्रसंग घडवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनीच नंतर हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापविली, आणि त्यावरून केवढे ग्रामण्य माजले! फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, कोणी प्रायश्चित्त घेतले, कोणी नाकारले. पेलाभर चहा आणि बिस्किटाचा तुकडा यांवरून पुण्यासारख्या शहरात माणसे एकमेकांच्या पंगतीतून उठली. हे सर्व सांगून आम्ही मुलांकडे वळलो आणि हसत म्हणालो, "आपली आजी अजून त्याच पुण्यात राहते."

मुले हसली. आजीही हसली, परंतु तिने तुकडा घेतला नाही. वडील तोपर्यंत गप्प होते. शास्त्राचा निर्णय द्यावा म्हणून आम्ही त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आंबलेले वर्ज्य सांगितले आहे आणि लगेच दह्याचा व दह्यापासून केलेल्या पदार्थांचा अपवादही केला आहे. तुपातेलाने माखलेले शिळे असले तरी चालते, असेही तेथे आहे. घरच्या देवापुढे हा पाव ठेवण्यास मला हरकत दिसत नाही. मंदिराची रीत निराळी, ती बदलण्याचा अधिकार माझा एकट्याचा नव्हे. देवाला चालते की नाही, एवढे मी सांगू शकतो. आईला चालते की नाही, ते तिला विचार." विचारण्याचे कामच आम्ही केले नव्हते. आम्ही सांगत होतो.

त्या रात्री दूध देण्यास गेलो असता आम्ही आजीला विचारले. तिने जे सांगितले ते आमच्या वडिलांनाही पुरते ठाऊक नव्हते.

आजीचे माहेर शिंदे की छावनी भागातले. तिचे थोरले बंधू, ज्यांना ती दादा म्हणे, १९४९च्या सुमारास झाशीला रेल्वेत नोकरीस लागले. तेथे स्टेशनावर चहाबरोबर डबलरोटी खातात, अशी बातमी कोणीतरी घरी पोहोचविली. आजीची आजी फार कडक. दादा सुटीला आले की ओसरीवर त्यांची पत्रावळ निराळी मांडली जाई. सारे घर आत पाटावर बसे आणि एकवीस वर्षांचा तो कमावता मुलगा बाहेर एकटा जेवे. असे एक चातुर्मास चालले. त्यांचे पान वाढून नेण्याचे काम आठ वर्षांच्या आजीकडे होते. "मी पान ठेवून परत आत येऊन जेवायला बसायची," ती म्हणाली, "आणि मला घास गिळवत नसे. जे खाल्ले म्हणून दादाला बाहेर बसविले, ते मी आत बसून कधी खाणार नाही, असे तेव्हा मनाशी म्हटले. ते राहिले आहे इतकेच. तू सांगितलेस ते सगळे खरे आहे रे. मला ठाऊक आहे."

वाचकहो, आम्हांस त्या वेळी काय वाटले ते सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांनी माणसाला ओसरीवर बसविले, त्यांच्या बाजूची म्हणून आम्ही जिला हिणविले, ती सत्तरांहून अधिक वर्षे ओसरीवर बसलेल्या माणसाच्या बाजूने उभी होती. पान नाकारण्याची कृती दोघींची एकच. तिच्या आजीचीही आणि तिचीही. एकीने नाकारले ते माणसाला दूर करण्यासाठी, दुसरीने त्याच माणसाची संगत न सोडण्यासाठी. नुसते पानाकडे पाहणाऱ्याला हा भेद कळणे शक्य नाही. आणि आम्ही तर पानाकडेच पाहत होतो. किंबहुना पानापेक्षाही स्वतःच्या पाककौशल्याकडे.

यावर कोणी विचारील, की हे व्रत तरी शहाणपणाचे काय? दादा स्वतः पुढे जन्मभर सकाळच्या चहाबरोबर डबलरोटी खात आणि बहिणीची थट्टा करीत, असे आजीच सांगते. ज्याच्यासाठी नियम धरला त्याला त्या नियमाची गरज नव्हती. त्याचा अपमान करणारीही कधीच गेली होती. हिशेबाने पाहिले तर या नेमाचा कोणाला उपयोग झाला असे दाखविता येणार नाही. परंतु आपण आपल्या माणसांची आठवण ज्या ज्या रीतींनी जपतो, त्यांपैकी कितींना हा हिशेब लावता येईल? श्राद्धाच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ आपण करतोच ना? आजीने एक पदार्थ खाण्याचे सोडले, एवढाच फरक. आम्हांस हा नेम पाळावासा वाटत नाही, आणि आजीचीही तशी अपेक्षा नाही. पण तो मोडून दाखविण्यात जो विजय आम्ही शोधीत होतो, तो मिळाला असता तर आमच्या हाती काय आले असते, हे आम्हांस अजून सांगता येत नाही.

पंचहौदाची हकीकतही आता आम्हांस निराळी दिसते. त्या प्रकरणात न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, आणि ते कोणाच्याही भीतीने नव्हे, तर बहिष्कारामुळे ज्या स्नेह्यांच्या घरी क्लेश माजले होते त्यांच्यासाठी. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला आहे. सुधारकांनी त्या वेळी रानड्यांना दुबळे ठरविले आणि आम्हीही आजवर तसेच समजत होतो. चहात पाप नाही, हे रानड्यांना का कळत नव्हते? पण आपल्या मताच्या खरेपणाची किंमत दुसऱ्याच्या घरच्या बायामुलांनी भरावी काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. त्यांचा निर्णय बरोबर होता असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. बहिष्कार घालणारे अशा माघारीने शेफारतात, हा आक्षेप आम्हांस आजही खरा वाटतो. दादांना बाहेर बसविणाऱ्या घराला कोणीतरी त्याच वेळी 'हे चालणार नाही' असे म्हणावयास हवे होते. आठ वर्षांच्या मुलीखेरीज तसे कोणाच्या मनात आले नाही, आणि तिला बोलण्याची सोय नव्हती.

जाता जाता एक गोष्ट आठवते. आपल्या जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहात मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहुण्यांना दाखवितात. पाहुण्याने तिच्यावरची सुरई उचलली की गाडी थांबे आणि परत ठेवली की पुढे चालू लागे. तिच्यावरून काय वाढीत ते या पत्रिकेत न लिहिलेले बरे. लहानपणी आम्हांस ती जगातील सर्वांत उत्तम वाढपी वाटे. कोणाला विसरत नाही, कोणाला आग्रह करीत नाही. आज वाटते, ती सर्वांपुढून जाते खरी, पण कोण जेवले नाही हे तिला कळत नाही. आपल्या पंगतीतला वाढपी घामाघूम होतो, वरण सांडतो, कधी एखाद्याला दोनदा वाढतो. तरी कोणाच्या पानावर काय उरले आहे याकडे त्याचे लक्ष असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला अर्धा पाव आजीने स्वतःच्या हाताने कापला. सुरी तिला नीट धरता येत नव्हती, म्हणून तुकडे लहानमोठे झाले. सगळ्यांना वाटून झाल्यावर चार तुकडे तिने स्वच्छ फडक्यात बांधले आणि म्हणाली, "हे ठाटीपूरला दादाच्या नातवाकडे देऊन ये. सांग, आजीने पाठविले." आम्ही स्कूटरवरून देऊन आलो. दादांच्या नातवाला ओसरीची हकीकत मुळीच ठाऊक नव्हती. त्याने चहा ठेवला, आणि आम्ही दोघांनी ते तुकडे चहात बुडवून खाल्ले.

त्यानंतर पौषात आम्ही दोनदा पाव केला. थंडी इतकी होती की पीठ फुगेना. आजीने पातेले मागून घेतले आणि आपल्या गोधडीत, पायांशी, ठेवून दिले. दर अर्ध्या तासाने ती झाकण उचलून पाही आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडे, "अजून नाही रे!"