दोष कुणाच्या डोक्यात?

आपली पोरं आता मानसशास्त्र शिकतायत. बी.ए.ला असतानाच परिषदेत निबंध वाचतात, पोस्टर लावून उभी राहतात. 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत पदवीच्या पोरांचा वेगळा गटच असतो. चांगलं आहे. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा तेही विद्यार्थीच होते. वय २५.

पण एक विचारायचंय. पोस्टरवर दोष कुणाच्या नावावर टाकणार?

मी चाकणला राहतो. इथं खराबवाडीत, नाणेकरवाडीत कंत्राटी पोरं रात्रपाळी करून दिवसा पत्र्याच्या खोलीत पडतात. झोप कसली, तळमळ. शरीराचं घड्याळ उजेडावर जुळतं; त्याची यंत्रणा शोधणाऱ्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. उद्या कुणी विद्यार्थी यांच्याकडून प्रश्नावली भरून घेईल आणि लिहील, 'कामगारांत निद्राविकार आढळला.' आकडे खरे, तरी वाक्य खोटं. विकार पाळीत आहे, कंत्राटात आहे. यानं तो माणसात दाखवला.

दुसरं उदाहरण घ्या. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या पोरांवरचा प्रयोग २००४ साली मांडला. ३२१ सवर्ण, ३२१ दलित. भुलभुलैयाची कोडी सोडवायची. जात पुकारली नाही तिथं दोघं बरोबरीत. जिथं बापाचं, आज्याचं नाव घेऊन जात मोठ्यानं पुकारली, तिथं आपली पोरं मागं पडली. यावर 'दलित मुलांतला न्यूनगंड' असंही पोस्टर होतं, आणि 'पुकारणाऱ्यानं पोरं पाडली' असंही. आकडा एकच, नीती दोन.

कुणी म्हणेल, शास्त्राला बाजू नसते. आकड्याला नसावीच, त्यात फेरफार केला तर आपणही लबाडच. पण प्रश्न कुणाला विचारायचा हे आकडा ठरवत नाही, विचारणारा ठरवतो. १९३६ साली बाबासाहेबांनी जातीला मनाची अवस्था म्हटलं. मग सारखं आपलंच मन का मोजायचं? पुकारणाऱ्याचं मोजा. पाळी लावणाऱ्याचं मोजा.

आणि सभागृहात वाचण्याआधी निबंध ज्यांनी उत्तरं दिली त्यांना वाचून दाखवा. ते म्हणाले, 'हे आमचं नव्हं', तर निष्कर्ष पुन्हा तपासा. टाळ्या नंतर.