मत द्यावे कोणाला?

न्याय करण्याचे काम केवळ न्यायालयातच चालते असे नाही. शाळेतील वक्तृत्वस्पर्धेचे गुण मांडताना, मंडळीच्या पंच कमिटीची निवड करताना, किंवा निव्वळ हौसेखातर भरविलेल्या स्पर्धेत मत देताना आपण न्यायासनावरच बसलेले असतो. प्रसंग लहान असला म्हणून त्यातील नीतीचा प्रश्न लहान ठरत नाही.

आगगाडीच्या इंजिनांची छायाचित्रे काढण्याचा छंद घ्या. बंगळुरू शहर या छंदास अनुकूल आहे. १८६४ साली जोलारपेट्टईहून तेथील छावणीपर्यंत लोहमार्ग आला. कृष्णराजपुरम येथे डिझेल इंजिनांची मोठी शेड आहे. १९७१ साली स्थापन झालेल्या युथ फोटोग्राफिक सोसायटीसारख्या संस्थांनी या शहरात छायाचित्रकला जोपासली आहे. अशा ठिकाणी इंजिनांच्या छायाचित्रांची स्पर्धा भरली व आपणांस मत देण्यास बोलाविले, तर ते कशाच्या आधारे द्यावे?

अशा स्पर्धांत सहसा स्पर्धकाचे नाव झाकून चित्र पुढे ठेवतात. परीक्षक आपापले गुण देतात व त्यांची बेरीज होते. कधी प्रेक्षकांचेही मत घेतात. नाव झाकण्यामागे मनुष्यस्वभावाची जाण आहे. परंतु तेवढ्याने मन निःपक्षपाती होत नाही.

पहिला मोह विषयाचा. धुराचे लोट सोडणारे वाफेचे इंजिन दिसताच बालपण जागे होते व मत तिकडे झुकते. शेजारी नित्याचेच डिझेल इंजिन पहाटेच्या तिरप्या उजेडात, खिडकीतील चालकाच्या दमलेल्या चेहऱ्यासह, सुरेख टिपलेले असते. ते मागे पडते. म्हणजे मत इंजिनाला मिळाले, चित्राला नव्हे. वेकफील्डचे बिशप एरिक ट्रेसी हे इंजिनांचे नामांकित छायाचित्रकार होते. १९७८ साली ॲपलबी स्थानकावर इंजिनाची वाट पाहत असतानाच त्यांचे निधन झाले. विषयावरील असे प्रेम छायाचित्रकाराचे बळ असते. परीक्षकाने मात्र आपले प्रेम तराजूबाहेर ठेवावयाचे असते.

दुसरा मोह ओळखीचा. नाव झाकले तरी धाटणीवरून मित्राचे चित्र ओळखू येते. मित्राला मत दिले तर बिघडले काय, प्रीती हा सद्गुणच नव्हे काय, असे कोणी विचारील. परंतु प्रीती स्वतःच्या गाठीचे देते. मत आपल्या गाठीचे नसते. सर्व स्पर्धकांनी ते विश्वासाने आपल्या हाती सोपविलेले असते. मित्राच्या पदरात टाकलेले गुण कोणा अनोळखी तरुणाच्या हक्कातून वजा होतात, आणि तक्रार करावयास तो समोर नसतो. याकोबाने आपल्या पत्रात पक्षपाताचा निषेध केला, तोही सभेत कोणास कोठे बसवावे अशा साध्याच प्रसंगावरून.

तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे. चित्र अप्रतिम, पण ते रुळांमध्ये उभे राहून काढलेले. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार असा प्रवेश गुन्हा आहे. आणि धावती गाडी चालकाला क्षणात थांबविता येत नाही. 'आम्ही चित्र पाहतो, चरित्र नव्हे,' असे म्हणून परीक्षकाला सुटता येईल काय? लंडनच्या एका विख्यात वन्यजीव छायाचित्रस्पर्धेत २००९ साली लांडग्याच्या चित्रास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तो लांडगा बहुधा माणसाळविलेला असावा, असा निष्कर्ष निघाल्यावर नियमभंगाच्या कारणाने २०१० साली ते चित्र बाद झाले. छायाचित्रकाराने हा आरोप नाकारला होता. म्हणून केवळ संशयावरून कोणास दोषी धरू नये. स्पर्धकास विचारावे, त्याचे म्हणणे ऐकावे. परंतु विचारणेच टाळणे हा न्याय नव्हे. आज रुळांतील चित्रास बक्षीस दिले, तर पुढील वर्षी तेथे आणखी मुले उभी राहतील, आणि त्यांना तेथे उभे करण्यात आपल्या मताचा वाटा असेल.

वाचकहो, मत गुप्त असते, म्हणून त्याचा जाब आपणांस कोणी विचारीत नाही. ज्याचे चित्र आपण मागे ठेवले, त्या अनोळखी स्पर्धकासमोर आपल्या मताचे कारण मोकळेपणाने सांगता येईल काय, एवढे तरी चिठ्ठी टाकण्यापूर्वी आपणच आपणांस विचारावे.